भोपाळची रंगभूमी : बोली, तालीम आणि नटसंच

मध्य प्रदेशाची राजधानी असलेले भोपाळ मराठी वाचकाला तलावांसाठी, नवाब बेगमांच्या कारकिर्दीसाठी आणि १९८४च्या वायुदुर्घटनेसाठी ठाऊक असते. भारतीय रंगभूमीच्या इतिहासात या शहराला आणखी एका कारणाने स्थान आहे. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत नट कसा घडतो आणि नाटक कसे उभे राहते, या प्रश्नाची दोन उत्तरे या एकाच शहरात नांदली. पहिले उत्तर भारत भवनातील ‘रंगमंडळ’ या सरकारी आश्रयाच्या नाट्यपथकाने दिले. त्याचे सूत्रधार होते ब. व. कारंत. दुसरे उत्तर हबीब तन्वीर यांच्या ‘नया थिएटर’ने दिले. या मंडळीकडे स्वतःचे नाट्यगृह कधीच नव्हते. दोघांच्या वाटा वेगळ्या असल्या तरी तीन गोष्टींवर दोघांचा सारखाच विश्वास होता : नटाची स्वतःची बोली, गाण्याला नाट्यक्रियेचा भाग मानणे आणि एकत्र राहून रोज तालीम करणारा कायमचा नटसंच. यांपैकी तिसरी गोष्ट टिकवणे सर्वांत अवघड असते, हेही भोपाळच्याच अनुभवाने दाखवून दिले. हौशी रंगभूमीची मोठी परंपरा असलेल्या गोव्याला तो अनुभव विशेष उपयोगाचा आहे.

राजधानी, चार इमली आणि भारत भवन

१ नोव्हेंबर १९५६ रोजी नव्या मध्य प्रदेश राज्याची स्थापना झाली आणि भोपाळ त्याची राजधानी बनले. जुन्या नवाबी शहराच्या दक्षिणेला मंत्रालये, कचेऱ्या आणि कर्मचाऱ्यांच्या वसाहती उभ्या राहिल्या. चार इमली ही त्यांपैकीच एक वसाहत. नावाचा अर्थ ‘चार चिंचा’. वरिष्ठ सरकारी अधिकारी आणि मंत्री यांच्या बंगल्यांसाठी ती ओळखली जाते. या वसाहतीत नाट्यगृह नाही; परंतु भोपाळच्या रंगभूमीची कथा सांगताना अशा वसाहतींना वगळता येत नाही. ज्या शहरात कलेचा मोठा आश्रयदाता सरकार असते, तेथे नाट्यसंस्थेच्या जन्माची आणि मरणाची कागदपत्रे अधिकाऱ्यांच्याच टेबलांवरून फिरतात.

भारत भवनाची उभारणी हे त्याचे ठळक उदाहरण आहे. मुख्यमंत्री अर्जुनसिंह यांच्या काळात, कवी आणि भारतीय प्रशासन सेवेतील अधिकारी अशोक वाजपेयी यांच्या पुढाकाराने हे बहुकला केंद्र आकाराला आले. १३ फेब्रुवारी १९८२ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. चित्र-शिल्पांसाठी ‘रूपंकर’, कवितेसाठी ‘वागर्थ’, संगीतासाठी ‘अनहद’ आणि नाटकासाठी ‘रंगमंडळ’ असे त्याचे विभाग करण्यात आले. ‘अंतरंग’ हे बंदिस्त नाट्यगृह आणि ‘बहिरंग’ हा तलावाकडे उघडणारा खुला रंगमंच अशी नाटकाची दुहेरी सोय तेथे आहे.

या वास्तूचा रचनाकार गोमंतकीयांना परका नाही. मूळ गोव्याच्या घराण्यातील चार्ल्स कुरैया यांनी भारत भवनाची रचना केली आणि जवळपास त्याच काळात पणजीतील कांपाल येथील कला अकादमीचे संकुलही त्यांच्याच आराखड्यावरून उभे राहिले. दोन्ही वास्तू मान उंचावून पाहायला लावत नाहीत. भारत भवनात माणूस टेकडीच्या माथ्यावरून शिरतो आणि गच्च्या-अंगणांच्या पायऱ्यांनी खाली तलावाच्या दिशेने उतरत जातो. कला अकादमी मांडवीच्या काठाला लगटून आडवी पसरली आहे. दोन्ही ठिकाणी बंद नाट्यगृहाबरोबर खुल्या रंगमंचाला जागा आहे. भोपाळमध्ये मात्र वास्तूबरोबर आणखी एक गोष्ट उभी करण्यात आली. ती म्हणजे वेतन मिळणारा पूर्णवेळ नटसंच.

कारंतांचे रंगमंडळ

बाबुकोडी वेंकटरमण कारंत हे दक्षिण कन्नड जिल्ह्यातले. लहानपणीच ते गुब्बी वीरण्णा यांच्या कर्नाटकातील प्रसिद्ध व्यावसायिक नाटक कंपनीत दाखल झाले. वीरण्णांनीच त्यांना पुढे शिक्षणासाठी बनारसला पाठवले. तेथे हिंदीचा अभ्यास आणि पंडित ओंकारनाथ ठाकूर यांच्याकडे संगीताचे शिक्षण, अशी दुहेरी जडणघडण झाली. राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकलेले कारंत १९७७ ते १९८१ या काळात त्याच विद्यालयाचे संचालक होते. भोपाळला ते आले तेव्हा कंपनी नाटकाची शिस्त, यक्षगानाचा देहसंस्कार आणि आधुनिक नाट्यशिक्षण या तिन्ही गोष्टी त्यांच्याजवळ होत्या.

त्यावेळच्या मध्य प्रदेशात आजचे छत्तीसगडही समाविष्ट होते. बुंदेली, माळवी, बघेली, निमाडी, छत्तीसगढी अशा अनेक बोलींचा तो प्रदेश. रंगमंडळासाठी निवडलेल्या तरुण नटांपैकी अनेकांची घरची भाषा यांपैकी एखादी होती, तर शाळेत शिकलेली हिंदी ही दुसरी भाषा. शहरी हिंदी रंगभूमीवर तोवर अशा नटाला आधी आपला उच्चार ‘सुधारावा’ लागे. बोलीचा हेल काढून टाकणे हीच वाचिक अभिनयाची पहिली पायरी समजली जाई. रंगमंडळाने उलट दिशा धरली आणि अभिजात नाटकेच बोलीत आणली. कालिदासाचे ‘मालविकाग्निमित्र’ माळवीत झाले. बर्टोल्ट ब्रेख्त यांचे खडूच्या वर्तुळाचे नाटक बुंदेलीत ‘इन्साफ का घेरा’ या नावाने आले.

या दुसऱ्या नाटकाचे दिग्दर्शक जर्मनीतील वायमारचे फ्रिट्झ बेनेवित्झ होते. मराठी रंगभूमीशी त्यांचे नाते त्याआधीचे. याच नाटकाचे चिं. त्र्यं. खानोलकरांनी केलेले ‘अजब न्याय वर्तुळाचा’ हे मराठी रूपांतर विजया मेहता यांनी रंगभूमीवर आणले, तेव्हा त्या प्रयोगाशी बेनेवित्झ यांचे सहकार्य होते. एकाच जर्मन नाटकाने एकदा मराठीचा आणि एकदा बुंदेलीचा पेहराव केला आणि दोन्ही वेळा लोकनाट्याच्या मोकळ्या घडणीचा आधार घेतला. न्यायाधीश बनलेला अझ्दाक नावाचा भणंग माणूस प्रमाणभाषेत बोलला, तर त्याचा उपरोध अर्धा मरतो. बोलीत तो गावच्या चावडीवरचा ओळखीचा माणूस होतो.

बोलीचा हा आग्रह स्थानिक रंग भरण्यासाठी नव्हता; त्यामागे अभिनयाचे तंत्र आहे. वाक्य उच्चारताना श्वास कोठे तुटतो, भुवई कधी उंचावते, हात कधी उठतो, या गोष्टी माणूस भाषेबरोबरच शिकतो. परकी भाषा बोलताना नटाचे लक्ष शब्द चुकू नये याकडे लागते आणि देह आखडतो. मातृभाषेत शब्दांची काळजी संपते. मग समोरच्या पात्राचे बोलणे खरोखर ऐकणे आणि त्याला तत्क्षणी प्रतिसाद देणे शक्य होते. अभिनयाचा गाभा हाच असतो.

गाणे : अलंकार नव्हे, क्रिया

कारंतांचे सर्वांत मोठे योगदान ‘रंगसंगीत’ या नावाने ओळखले जाते. मराठी वाचकाला ते समजून घ्यायचे तर संगीत नाटकाशी तुलना करावी लागेल. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’ (१८८०) आणि ‘सौभद्र’ (१८८२) या नाटकांपासून मराठी रंगभूमीवर पदांची परंपरा रुजली. पुढे गायकनटांच्या काळात एकेक पद मैफलीसारखे रंगू लागले. ‘वन्स मोअर’च्या गजरात कथानक थांबे आणि गायन पुढे जाई. दीनानाथ मंगेशकरांसारखा गायकनट देणाऱ्या गोव्याला या वैभवाचे मोल सांगायला नको. पण त्या वैभवात नटापेक्षा गवई मोठा होण्याचा धोकाही होता.

कारंतांनी संगीताची जागा बदलली. त्यांच्या नाटकात गाणे सुरू झाले की कथानक थांबत नाही, उलट वेग घेते. पात्राचे मन पालटते ते गाण्यात. प्रवास होतो, वर्षे सरतात, गर्दी जमते तीही गाण्यातच. त्यासाठी नटाचा आवाज कमावलेला असण्यापेक्षा अर्थ पोहोचवणारा असणे त्यांना महत्त्वाचे वाटे. वाद्यांचा त्यांचा विचारही असाच होता. दगड, बांबू, भांडी, टाळ्या, श्वासाचा आवाज, नुसते गुणगुणणे या सर्वांतून ते ध्वनी निर्माण करीत. शांततेलाही त्यांनी संगीताचाच भाग मानले.

याचा परिणाम नटाच्या शिक्षणावर झाला. गायक वेगळे आणि नट वेगळे ही विभागणी राहिली नाही. प्रत्येकाला ताल धरता यायला हवा, समूहात सूर मिसळता यायला हवा आणि गाता गाता हालचाल करता यायला हवी. श्वासावर ताबा असल्याशिवाय हे साधत नाही, म्हणून आवाज आणि देह यांचा सराव एकत्रच करावा लागतो. आठवड्यातून दोन संध्याकाळी जमणाऱ्या मंडळींकडून ही कसरत होणे कठीण. रोजच्या सरावाला वेळ देणारा नटसंच असला तरच ती होते.

भोपाळमधला ‘घाशीराम’

मराठी नाटकाच्या संदर्भात रंगमंडळाची महत्त्वाची निर्मिती म्हणजे विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’चा हिंदी प्रयोग. मूळ नाटक डिसेंबर १९७२ मध्ये पुण्यात प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली सादर केले. भास्कर चंदावरकरांचे संगीत आणि कृष्णदेव मुळगुंद यांची नृत्यरचना हे त्याचे आधारस्तंभ होते. वसंत देव यांनी ते हिंदीत आणले आणि रंगमंडळासाठी कारंतांनी बसवले.

या नाटकाची घडण नटसंचाच्या कसोटीसाठीच केल्यासारखी आहे. मंचावर रांगेत उभे असलेले ब्राह्मण हाच त्याचा नेपथ्यपट. ते डोलतात, गातात, पाठ फिरवून भिंत होतात, वाकून आडोसा होतात, क्षणात पुणेकर होतात आणि क्षणात कटाचे साक्षीदार. दशावतार, खेळे, कीर्तन, लावणी अशा अनेक लोकरूपांचे संस्कार त्यात मिसळले आहेत. घाशीराम आणि नाना फडणीस ही मुख्य पात्रे कितीही समर्थ असली, तरी ही माणसांची भिंत एका श्वासात हलली नाही तर नाटक कोसळते. तिच्यातील प्रत्येकाला शेजारच्याचे वजन, उंची, लय पाठ असावी लागते.

मूळ प्रयोगाची लय मराठी कीर्तन-अभंगांच्या कानावर वाढलेली होती. भोपाळच्या नटांच्या कानात ती नव्हती, पण त्यांच्याजवळ स्वतःच्या मुलखातील लोकसंगीताचा ताल होता. रूपांतरित नाटक परक्या भूमीत जगते ते शब्दांच्या अचूक भाषांतराने नव्हे. त्या भूमीतील नटाला आपल्या देहातून त्याची लय सापडली तरच ते जगते. ‘घाशीराम’चा हा प्रवास त्याचाच पुरावा मानावा लागेल.

कारंतांचा भोपाळमधील कार्यकाळ १९८० च्या दशकाच्या मध्यावर संपला. पुढे १९८९ मध्ये त्यांनी म्हैसूरला ‘रंगायण’ उभे केले. पूर्णवेळ नटसंचाची कल्पना त्यांनी तेथे कन्नड भूमीत रुजवली. २००२ मध्ये त्यांचे निधन झाले.

हबीब तन्वीर : पंधरा वर्षांचा शोध

दुसऱ्या उत्तराची कथा रायपूरपासून सुरू होते. हबीब तन्वीर यांचा जन्म तेथे १ सप्टेंबर १९२३ रोजी झाला. रायपूर त्यावेळी मध्य प्रांत आणि वऱ्हाडात होते आणि राजधानी होती नागपूर. तन्वीर यांनी पदवी घेतली तीही नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून. मुंबईत इप्टाच्या चळवळीत काही काळ घालवून ते दिल्लीला गेले. १९५४ मध्ये त्यांनी ‘आग्रा बाजार’ रचले. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातील लोककवी नज़ीर अकबराबादी यांच्या कवितांवर उभ्या असलेल्या या नाटकात कवी स्वतः मंचावर येतच नाही. येतो तो बाजार. काकड्या विकणाऱ्याचा माल खपत नाही. नज़ीरची कविता गात त्याने हाळी घातली आणि काकड्या खपू लागल्या. जामिया मिलियाचे विद्यार्थी आणि जवळच्या ओखला गावातील लोक असा मिश्र नटवर्ग या प्रयोगात होता.

१९५५ मध्ये तन्वीर लंडनच्या रॉयल अकादमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्टमध्ये दाखल झाले. तेथील शिक्षण आपल्या कामाचे नाही, असे वाटून ते पुढे निघाले. ब्रेख्त यांच्या मृत्यूनंतर थोड्याच काळात ते बर्लिनला पोहोचले. बर्लिनर आन्सांब्लचे प्रयोग त्यांनी काही महिने पाहिले. आपल्या भाषेत, आपल्या संस्कृतीत राहूनच आधुनिक नाटक करता येते हा निष्कर्ष घेऊन ते परतले. १९५८ मध्ये शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’वरील ‘मिट्टी की गाडी’ या प्रयोगात त्यांनी छत्तीसगडमधील सहा लोकनट घेतले. १९५९ मध्ये मोनिका मिश्र यांच्यासह नया थिएटरची स्थापना केली.

लोकनट मिळाले, परंतु नाटक फुलले नाही. गावच्या ‘नाचा’त रात्रभर हजारोंना खिळवून ठेवणारे हे नट दिल्लीच्या रंगमंचावर अवघडून जात. कारण उमगायला तन्वीर यांना बरीच वर्षे लागली आणि ते त्यांनी पुढे मोकळेपणाने सांगितले. चुका दोन होत्या. पहिली, नटांना हिंदीत बोलायला लावणे. दुसरी, मंचावरील प्रत्येक हालचाल आधीच आखून देणे. नाचात प्रेक्षक तीन बाजूंनी बसतात. दाद ज्या बाजूने येते तिकडे नट वळतो, वाक्य लांबवतो, नवे जोडतो. त्याला ‘या शब्दाला डावीकडे तीन पावले’ असे शिकवणे म्हणजे त्याचे हातपाय बांधणे होते.

येथे नाचाविषयी थोडे सांगायला हवे. छत्तीसगडमधील हा लोकनाट्यप्रकार आहे. गाणे, नृत्य आणि विनोदी प्रवेश यांनी तो रात्रभर रंगतो. या प्रवेशांना तेथे ‘गम्मत’ म्हणतात. मराठी कानाला हा शब्द घरचा वाटतो. ‘जोक्कड’ म्हणजे विदूषक आणि स्त्रीवेश घेणारी ‘परी’ ही त्यातील ठरलेली पात्रे. तमाशातील सोंगाड्या आणि नाच्या यांची आठवण व्हावी अशी. दाऊ मंदराजी यांनी विसाव्या शतकात नाचाला संघटित रूप दिले. त्यांच्या मंडळीत घडलेले लालूराम, ठाकूरराम, मदनलाल हे नट पुढे तन्वीर यांच्या नाटकांचे प्राण ठरले.

१९७३ मध्ये रायपूरला झालेल्या नाचा कार्यशाळेत तन्वीर यांनी आपली पद्धत पालटली. नट छत्तीसगढीत बोलू लागले, हालचाली स्वतः शोधू लागले. तीन पारंपरिक नाचांची गुंफण करून ‘गांव के नाम ससुराल, मोर नाम दामाद’ हे नाटक तयार झाले. दिल्लीच्या प्रेक्षकाला बोली समजत नव्हती, तरी नाटक समजले. नया थिएटरची खरी ओळख येथून सुरू होते.

‘चरणदास चोर’ कसे घडले

नटाने नाटक घडवणे म्हणजे काय, याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण ‘चरणदास चोर’ आहे. विजयदान देथा यांनी लिहिलेली राजस्थानी लोककथा त्याच्या मुळाशी आहे. एक चोर गुरूसमोर थट्टेत चार व्रते घेतो : सोन्याच्या ताटात जेवणार नाही, हत्तीवरून मिरवणार नाही, राणीशी लग्न करणार नाही, राजा होणार नाही. चोराच्या वाट्याला यातले काही येणारच नाही, म्हणून ही व्रते स्वस्त. गुरू पाचवे मागतो : खोटे बोलू नकोस. पुढे एकेक करून चारही मोह खरोखर समोर उभे राहतात आणि पाचव्या व्रतापायी चरणदास जीव गमावतो.

सत्यालाच ईश्वर मानणाऱ्या सतनामी पंथाचे छत्तीसगडमध्ये मोठे अनुयायी आहेत. १९७०च्या दशकाच्या मध्यावर भिलाई येथे सतनाम्यांपुढे या कथेचा कच्चा प्रयोग झाला. नाटकात पंथी गाणी आणि नृत्य आले ते त्या समाजाच्या जगण्यातून. तालमीत कथेचा सांगाडा नटांपुढे ठेवला जाई. नट प्रसंग उत्स्फूर्तपणे रंगवीत. तन्वीर त्यातले काय ठेवायचे, काय गाळायचे ते ठरवीत आणि गाण्यांच्या जागा बसवीत. संहिता शेवटी पक्की होई, परंतु तिच्यातील विनोद, टोमणे आणि थांबे नटांच्या तोंडून आलेले असत. १९७५ मध्ये नाटकाने अंतिम रूप घेतले. त्याच वर्षी श्याम बेनेगल यांनी त्यावर चित्रपट केला. १९८२च्या एडिंबरो महोत्सवात या प्रयोगाला ‘फ्रिंज फर्स्ट’ पुरस्कार मिळाला. चरणदासाची भूमिका प्रथम मदनलाल आणि नंतर गोविंदराम निर्मलकर यांनी गाजवली. निर्मलकरांना २००९ मध्ये पद्मश्री मिळाली.

नेपथ्य म्हणून मंचावर एक चौथरा आणि झाडाची फांदी एवढेच पुरे होई. स्थळ बदलले हे प्रेक्षकाला नटाच्या चालीतून आणि गाण्यातून कळे. साधनांचा हा संक्षेप ज्या मंडळीला गावोगाव फिरायचे आहे तिच्या गरजेतून आलेला होता आणि त्याचा भार पूर्णपणे नटावर होता.

भोपाळ आणि ‘ज़हरीली हवा’

१९९०च्या दशकात नया थिएटरने दिल्ली सोडून भोपाळला मुक्काम हलवला. नटांची गावे तेथून तुलनेने जवळ होती. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड वेगळे राज्य झाले तरी मंडळी भोपाळलाच राहिली.

या शहराच्या जखमेवर तन्वीर यांनी नाटक केले तेही याच काळात. २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुटलेल्या विषारी वायूने हजारोंचे प्राण घेतले. कॅनडातील नाटककार राहुल वर्मा यांनी या विषयावर लिहिलेले इंग्रजी नाटक तन्वीर यांनी ‘ज़हरीली हवा’ या नावाने हिंदीत आणून बसवले. पीडित अजूनही जिथे राहतात त्याच शहरात असे नाटक करणे नटासाठी कठीण परीक्षा असते. ज्याने सोसले तो प्रेक्षागृहात बसलेला असू शकतो. तेथे दुःखाचे प्रदर्शन चालत नाही.

विरोधही या मंडळीच्या वाट्याला आला. अस्पृश्यता आणि भोंदूगिरी यांवर टीका करणारे ‘पोंगा पंडित’ हे नाचाच्या परंपरेतील जुने नाटक. नाचा मंडळ्या ते कित्येक दशके करीत होत्या. १९९२ नंतर त्याच्या प्रयोगांवर हल्ले होऊ लागले आणि २००३ मध्ये मध्य प्रदेशातील अनेक गावांत ते उधळण्याचे प्रयत्न झाले. तन्वीर यांनी प्रयोग थांबवले नाहीत. ८ जून २००९ रोजी भोपाळमध्येच त्यांचे निधन झाले. त्यानंतर मंडळीची धुरा त्यांची कन्या, गायिका नगीन तन्वीर यांच्याकडे आली.

वास्तू उरली, नटसंच गेला

दोन्ही प्रयोगांची तुलना केली तर एक विसंगती नजरेत भरते. रंगमंडळाजवळ देशातील उत्कृष्ट वास्तूंपैकी एक होती, सरकारी तरतूद होती, देशोदेशीच्या दिग्दर्शकांचे मार्गदर्शन होते. तरीही त्याचा पूर्णवेळ नटसंच कालांतराने बंद पडला. भारत भवन आजही उभे आहे, तेथे नाट्यमहोत्सव होतात, पण बाहेरून आलेल्या मंडळ्या प्रयोग करून परत जातात. नया थिएटरजवळ नाट्यगृह नव्हते, तालमीसाठी अनेकदा भाड्याची किंवा मिळेल ती जागा असे. ती मंडळी मात्र आपल्या संस्थापकाच्या हयातीत पन्नास वर्षे अखंड चालली.

याचा अर्थ सरकारी आश्रय निरुपयोगी असा नव्हे. नया थिएटरच्या नटांनाही सरकारी अनुदानाचा आधार मिळाला आणि त्याविना शेतमजुरी सोडून वर्षभर नाटक करणे त्यांना शक्य झाले नसते. फरक होता तो मालकीचा. रंगमंडळाचे अस्तित्व शासनाच्या इच्छेवर अवलंबून होते. सरकार बदलले, अधिकारी बदलला, प्राधान्य बदलले की वेतनाची तरतूद आटते. चार इमलीतल्या बंगल्यांवरच्या पाट्या दर काही वर्षांनी बदलतात. नट घडायला लागणारा काळ त्याहून मोठा असतो. नया थिएटरमध्ये अनुदान हे साधन होते, संस्था नटांची आणि दिग्दर्शकाची होती. मात्र तीही एका व्यक्तीच्या धाकावर आणि मायेवर उभी होती. त्या व्यक्तीनंतर मंडळी पूर्वीच्या जोमाने चालणे अवघड झाले. नटसंचाला व्यक्तीच्या आयुष्यापेक्षा आणि सरकारच्या मुदतीपेक्षा दीर्घ आयुष्य कसे द्यावे, हा प्रश्न भोपाळने उभा केला, पण सोडवला नाही.

अलीकडे शिक्षणाच्या बाजूने एक पाऊल पडले आहे. २०११ मध्ये भोपाळला मध्य प्रदेश नाट्य विद्यालय सुरू झाले. तेथून दरवर्षी तरुण नट बाहेर पडतात. त्यांनी शिकलेले वापरायला कायमचे पथक हवे, ही गरज त्यामुळे अधिकच ठळक झाली आहे.

गोमंतकासाठी या अनुभवाचा अर्थ

गोव्याची स्थिती काही बाबतींत भोपाळहून चांगली आहे. देवळांच्या उत्सवांत आणि जत्रांत गावकऱ्यांनी नाटक करण्याची परंपरा येथे अजून जिवंत आहे. कला अकादमीची मराठी नाट्यस्पर्धा दरवर्षी अनेक संस्थांना तालमीला बसवते. अकादमीचे नाट्य विद्यालय आहे, ठिकठिकाणी रवींद्र भवने आहेत. उणीव आहे ती स्पर्धा संपल्यावरही एकत्र राहणाऱ्या नटसंचाची. स्पर्धेचे नाटक एक-दोन महिन्यांत बसते, एकदा-दोनदा होते आणि नट पांगतात. पुढच्या वर्षी नवा संच पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात करतो. ‘चरणदास’सारखे नाटक शेकडो प्रयोगांतून पक्व होत गेले, स्पर्धेच्या नाटकाला पक्व होण्याआधीच पडदा पडतो.

कायमच्या मंडळीचे नमुने मात्र गोमंतकीयाला दूर शोधावे लागत नाहीत. पेडणे आणि सिंधुदुर्गातील दशावतारी मंडळ्या हंगामभर गावोगाव फिरतात. त्यांच्या नाटकाला लिखित संवाद नसतात. आख्यान ठरते, प्रवेशांचा क्रम ठरतो आणि संवाद नट मंचावर उभ्या उभ्या रचतात. समोरच्या नटाने टाकलेल्या प्रश्नाला त्याच ओघात उत्तर देणे ही त्यांची रोजची तालीम. नाचाच्या नटांत तन्वीर यांना जे सापडले, ते या नटांत आजही आहे. १८९२ पासून चालत आलेले कोकणी तियात्र तर तिकीट काढणाऱ्या प्रेक्षकाच्या बळावर उभे आहे. त्यातील ‘कांतार’ हे गाणे आणि भाष्य यांचे लोकप्रिय मिश्रण आहे. सत्तरीतील रणमाले हे आणखी एक जिवंत लोकनाट्य.

या परंपरांकडे आधुनिक रंगकर्मी अनेकदा नृत्याची एखादी चाल किंवा वेशभूषेचा एखादा तुकडा उचलण्यापुरतेच वळतात. भोपाळच्या दोन्ही प्रयोगांचा धडा वेगळा आहे. लोकनाट्याकडून घ्यायची ती सजावट नव्हे, नटाची रीत : आपल्या बोलीत विचार करणे, गाण्यातून कथा पुढे नेणे, प्रेक्षकाकडे पाहून खेळ पालटणे. तन्वीर यांनी लोकनटांना शहरी नाटकात उसने आणले तेव्हा ते अपयशी ठरले; स्वतः त्यांच्या बोलीत आणि त्यांच्या मंचावर गेले तेव्हा नाटक उभे राहिले. पेडण्याची, सत्तरीची, काणकोणची बोली बोलणारा नट स्पर्धेच्या मंचावर पुस्तकी मराठीत अडखळतो, तेव्हा हाच प्रश्न गोव्यातही पुढे येतो.

नाट्यगृहांची दुरुस्ती, आसने, प्रकाश आणि ध्वनी यांची व्यवस्था या गोष्टी आवश्यकच आहेत आणि त्यांविषयी समाजाने जागरूक राहायलाच हवे. पण कुरैयांनी रचलेल्या दोन वास्तूंपैकी एकीचा इतिहास सांगतो की, नाटकाचे घर दगड-सिमेंटचे असले तरी त्याचा पाया माणसांचा असतो. वर्षभर वेतन मिळणारा, एकत्र गाणारा, आपल्या बोलीत बोलणारा दहा-पंधरा नटांचा एक संच गोव्यात उभा राहिला आणि त्याची मालकी कलावंतांकडे राहिली, तर भोपाळने अर्धवट सोडलेले काम येथे पुढे जाऊ शकेल.